रजनीवहिनींची दोन दारांची गाडी

विलासचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये ठोकर बसलेल्या गाडीखाली वाकून बघत होतो. अपघातातल्या गाड्या विम्यासाठी तपासणं हा माझा गेल्या पस्तीस वर्षांचा धंदा. फोन कानाला लावला तर विलास म्हणाला, "दिन्या, रजनी गेली. सकाळी." तोच पुढे म्हणाला, "तू ये. सावकाश ये, घाईत चालवू नकोस." आणि एवढं बोलून त्याचा आवाज फुटला. ते वाक्य त्याचं नव्हतंच. फोन ठेवण्याआधी रजनीवहिनी मला दर वेळी तेच सांगायच्या. त्याला दीड महिना झाला. एवढ्या दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने वहिनींबद्दल काही ना काही सांगितलं… शिवणाच्या क्लासबद्दल, हाताच्या सफाईबद्दल, त्यांनी शिवलेल्या आणि वीस वर्षांनीही फक्त शिलाई उसवून घालता येणाऱ्या ब्लाउजांबद्दल. मला मात्र सांगायचंय ते त्यांच्या गाडीबद्दल. कारण त्या गाडीच्या बाबतीत माझ्याइतका साफ चुकलेला माणूस दुसरा कुणी नाही, आणि ही चूक कबूल करताना मला आज आनंदच होतोय.

विलास माझा शाळेपासूनचा दोस्त. दोघांचेही वडील गिरणीत, दोघांचीही गावं मालवणकडची, आणि दोघंही कबड्डीवेडे. मी चढाईला जाऊन बाद होऊन यायचो, तो उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा. त्याने एकदा घोटा धरला की समोरचा कितीही दांडगा असो, रेषेपर्यंत पोचायचा नाही. पुढे त्याला नोकरी लागली, मुलुंड पूर्वेला तळमजल्यावरचं घर झालं, रजनीवहिनींशी लग्न झालं. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी तो मैदानावर मुलांना शिकवायचा आणि वहिनी बाहेरच्या खोलीत चार मशीन मांडून क्लास चालवायच्या. मग चोपन्नाव्या वर्षी विलासच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, कमरेखालचं अंग मात्र कायमचं गेलं.

चाकाच्या खुर्चीची सवय त्याला झाली. झाली नाही ती उचलून घेतलं जाण्याची. फिजिओथेरपीला जायचं तर टॅक्सीवाले खुर्ची बघूनच पुढे जायचे. कुणी थांबलाच तर आम्ही दोघं-तिघं त्याला काखेत धरून, पाय दुमडून आत कोंबायचो. एकदा असाच कोंबताना त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि त्याची पँट अर्धी खाली घसरली. गेटवर बायका उभ्या होत्या. त्या दिवशी घरी आल्यावर तो म्हणाला, "आता मला कुणी उचलायचं नाही. बास." त्यानंतर दीड वर्षं तो घराच्या उंबऱ्याबाहेर पडला नाही. खिडकीत बसायचा. मैदानावरची पोरं भेटायला यायची, तर झोपलाय म्हणून सांगायला लावायचा.

आणि एके दिवशी वहिनींचा फोन. "भाऊजी, जुनी गाडी घ्यायची म्हणते. तुमचं मत हवंय." मी उडालोच. या घरात कुणालाच गाडी चालवता येत नव्हती. त्यांनी जाहिरातीतला फोटो पाठवला आणि मी कपाळाला हात लावला. अकरा वर्षांची, चौकोनी, बुटकी जीपसारखी गाडी. तिला फक्त दोन दारं. मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडणारं, त्यावर लटकवलेलं जादा चाक. कंपनीने कधीच बंद केलेलं मॉडेल, इतकं विचित्र की बाजारात कुणी हात लावत नव्हतं. म्हणूनच स्वस्त. मी तिथल्या तिथे कागद घेतला आणि नीट अकरा मुद्दे लिहून काढले. पेट्रोल पिते. स्प्रिंगा बैलगाडीच्या, पाठीची वाट लागेल. पार्ट मिळत नाहीत, कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधत बसावं लागेल. एसी म्हणजे कुणीतरी फुंकर घातल्यासारखा. स्टिअरिंग जड, तुमच्याच्याने वळायचं नाही. विकायला गेलात तर घेणारा मिळणार नाही. आणि सगळ्यात वरचा मुद्दा : दोनच दारं, मागे माणूस बसणार कसा? खाली जाड अक्षरांत लिहिलं, 'घेऊ नये.' माझ्या ओळखीचा भांडुपचा मेकॅनिक युसुफभाई, त्यालाही फोटो दाखवला. तो हसून म्हणाला, "भाभी को बोलो, ये गाड़ी नहीं है, शौक है."

वहिनींनी माझा कागद मन लावून वाचला. चष्मा काढला. म्हणाल्या, "छान लिहिलंय. आता रविवारी मला कांदिवलीला घेऊन चला, गाडी बघायला."

विकणारे एक निवृत्त गृहस्थ होते. ते इंजिनाबद्दल सांगायला लागले, पण वहिनींचं लक्षच नव्हतं. त्यांनी गळ्यातली टेप काढली. त्यांच्या गळ्यात टेप कायम असायची, देवळातसुद्धा. डावं दार पूर्ण उघडून त्या खाली बसल्या आणि जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजली. मग दाराची लांबी. मग दार उघडल्यावर सीटच्या बाजूला किती जागा मोकळी राहते ती. मागचं दार उघडून आतली जमीन, तिचा काठ, सगळं. वहीत लिहिलं. गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "वहिनी, इंजिन तरी ऐका." त्या म्हणाल्या, "ते तुम्ही ऐका ना. मी ह्यांच्या खुर्चीचं माप घेऊन आलेय. दोन्ही उंच्या जुळतात, दोन बोटांचा फरक आहे. आणि दार बघा केवढं लांब आहे. चार दारांच्या गाडीचं पुढचं दार आखूड असतं, खुर्ची आत घुसतच नाही. मी सोसायटीतल्या सगळ्या गाड्या मोजल्यात." मग जरा थांबून म्हणाल्या, "ते स्वतः सरकतील, भाऊजी. कुणी उचलायला नको."

पस्तीस वर्षं गाड्या तपासतोय, पण गाडीची सीट कुणाच्या तरी खुर्चीइतकी उंच आहे का, हे बघायचं मला तोवर सुचलं नव्हतं.

गाडी मीच मुलुंडला चालवत आणली. वहिनींना तेव्हा क्लच आणि ब्रेकमधला फरकही ठाऊक नव्हता. पुढचा आठवडा त्यांनी तयारीत घालवला. शेजारच्या सुताराकडून एक गुळगुळीत फळी करून घेतली, तिला सॅटिनच्या अस्तराचं कव्हर शिवलं, घसरायला सोपं जावं म्हणून. उंबऱ्यावर लाकडी उतार बसवला. विलास हे सगळं बघत होता. रविवारी सकाळी वहिनींनी गाडी दारासमोर लावायला मला बोलावलं, डावं दार उघडून ठेवलं, खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये फळी टाकण्याइतकी जागा दाखवली आणि म्हणाल्या, "मी आत चहा टाकते. भाऊजी, तुम्हीही आत या. इथे उभं राहायचं काही काम नाही."

आम्ही दोघंही स्वयंपाकघरात. चहा उकळून भांड्याच्या काठावर आला तरी कुणी गॅस बंद करेना. बाहेर खुर्चीच्या चाकांचा आवाज झाला. मग काही नाही. मग फळीचा खट्ट असा आवाज. मग विलासचं एक जोरात "हुप्" … आणि धाडकन दार लागलं. आम्ही धावत बाहेर आलो तर तो गाडीत बसलेला. कपाळावर घाम, दोन्ही हात मांड्यांवर, आणि चेहऱ्यावर जे काही होतं ते मी शेवटचं मैदानावर पाहिलं होतं. मी काच खाली करायला हात घातला तर ओरडला, "मेल्या, हात काढ. मी करतो." कचकच करत त्याने हँडल फिरवून काच खाली घेतली. "चल," म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "कुठेही चल रे!" वहिनी मागच्या आखूड सीटवर, घडी घालून ठेवलेल्या खुर्चीला टेकून बसल्या, कशा चढल्या देव जाणे, आणि आम्ही तिघं सकाळभर मुलुंडच्या रस्त्यांवर नुसते गोल गोल फिरलो.

नंतरचे चार महिने वहिनी ड्रायव्हिंग स्कूलला जात होत्या. तिथला शिकवणारा पोरगेला होता, म्हणाला, "काकू, या वयात कशाला?" वहिनींनी त्याला विचारलं, "तुझ्या शर्टाचा खांदा उतरलाय, कुणी शिवला? या वयात मी तो नीट करून देऊ शकते. तू मला हाफ क्लच शिकव." पन्नाशीत, पाच फूट उंचीची ही बाई पहिल्याच परीक्षेत पास झाली. सोसायटीतले लोक गाडीला रॉकेलचा डबा म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, "म्हणू देत. मला ती माझ्या मशीनच्या झाकणासारखी दिसते." युसुफभाईने आधी शौक म्हटलं होतं, पण दोनदा तिचं काम केल्यावर तोच गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "भाभी की गाड़ी देखो, एक नट ढीला नहीं।" कुर्ल्याला पार्ट शोधायला वहिनी स्वतः जायच्या, जुना पार्ट पिशवीत घेऊन, कापडाला मॅचिंग अस्तर शोधावं तशा.

त्या गाडीने विलासला मैदानावर परत नेलं. पहिल्या दिवशी कबड्डी मंडळाच्या पोरांनी गाडी थेट मैदानाच्या कडेला लावू दिली. तो दार उघडून आतूनच खेळ बघत होता, आणि दहा मिनिटांत आतूनच ओरडायला लागला. पुढच्या आठवड्यात खुर्चीवरून. महिन्याभरात मंडळाने त्याला मुलींचा संघ दिला, कारण मुलींना शिकवायला कुणी तयार नव्हतं. चेंबूर, बोरिवली, अंधेरी, जिथे सामने तिथे ही चौकोनी गाडी. वहिनी गाडी लावून सावलीत बसायच्या आणि मुलींच्या उसवलेल्या जर्सी टाचून द्यायच्या. तिसऱ्या वर्षी संघ उपनगरातल्या मोठ्या स्पर्धेत अंतिम फेरीत गेला. शेवटच्या मिनिटाला उजव्या कोपऱ्यातल्या मुलीने समोरच्या चढाईवालीचा घोटा असा धरला की माझ्या अंगावर काटा आला… तो विलासचाच हात होता. जिंकल्यावर मुली चषक घेऊन विलासकडे धावल्या. त्याने तो घेतला आणि वहिनींच्या मांडीवर ठेवला. "ड्रायव्हरला द्या आधी," म्हणाला.

मनोरीचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. समुद्र बघायचा म्हणून आम्ही दोन गाड्यांतून निघालो, घोडबंदरवरून भाईंदर, उत्तन आणि तिथून मनोरी. पुढे वहिनींचा डबा, मागे माझी नवी, ऐटबाज, लांबलचक गाडी. एका घराशेजारच्या वाळूच्या गल्लीत माझी चाकं रुतली. जितकी रेस दिली तितका खाली गेलो. वहिनी गाडीतून उतरल्या, माझ्या चाकांकडे बघितलं, मागून जाड दोर काढला. आपल्या गाडीचा छोटा गिअर टाकून चारही चाकांची ताकद लावली आणि मला घमेल्यातल्या मातीसारखं अलगद ओढून बाहेर काढलं. गावातल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. विलास हसून हसून खोकायला लागला. वहिनी दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "भाऊजी, त्या कागदावर बारावा मुद्दा लिहा ना." त्या दिवशी विलास पाच वर्षांनी समुद्रासमोर बसला. कोळ्यांच्या होड्या परत येत होत्या. तो वहिनींचा हात धरून बसला, आणि मी मुद्दाम माझ्या गाडीच्या चाकांतली वाळू झटकत राहिलो.

गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा पुन्हा सगळ्यांची मतं आली. भंगारात द्या, आता पास होणार नाही. या खेपेला मी गप्प बसलो. युसुफभाईने आठ दिवस गाडी उघडून ठेवली होती. वहिनींनी सीटना नवी कव्हरं शिवली, काळ्यावर पिवळी शिलाई. आरटीओत तपासणाऱ्या साहेबांनी खाली वाकून पाहिलं, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, मग विचारलं, "चालवतं कोण?" वहिनी म्हणाल्या, "मी." साहेब गाडीकडे बघत राहिले. "माझ्या मोठ्या भावाकडे होती अशी," म्हणाले, आणि सही केली. आणखी पाच वर्षं. वहिनींनी क्लासमधल्या प्रत्येक बाईला पेढे दिले. मुलगा झाल्यासारखे, असं कुणीतरी म्हणालं तर त्या म्हणाल्या, "छे, मुलगा इतका ऐकतो का?"

मागच्या वर्षीची गोष्ट. एका दुपारी वहिनी एकट्याच माझ्याकडे आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, मला परत तुमचं मत हवंय. ह्या गाडीत हाताने चालवायची सोय बसवता येईल का? ब्रेक, अॅक्सिलरेटर, क्लच, सगळं हाताशी?" मी तोंड उघडलं. जुनी गाडी, परवानगीची खटपट, विलासचं वय… सगळे मुद्दे ओठांवर होते. पण त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "होईल." त्या इतक्या हसल्या की मला वाटलं, गंमतच चाललीय. त्यांच्या पिशवीत त्या दिवशी डॉक्टरांचे रिपोर्ट होते, हे मला तीन महिन्यांनी कळलं. विलासलाही तेव्हाच.

विलासने भरपूर तमाशा केला. या वयात लायसन्स काढतात का, म्हणाला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला कंटाळा आलाय तुम्हाला फिरवायचा. आठ वर्षं झाली. आता मला फिरवा." सोय बसली, परवानगी मिळाली, आणि रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. शेजारी बसून वहिनी अशा ओरडायच्या की मैदानाबाहेर ऐकू यायचं. "वळवा! अहो, घोटा नाही तो, स्टिअरिंग आहे, एवढं आवळू नका!" तेव्हाच माझ्या लक्षात आलं की दोनच दारं असल्याने चालवणाऱ्याच्या बाजूचं दारही तितकंच लांब आहे. विलास सरकून सीटवर बसायचा, खुर्चीची घडी घालायचा आणि ती एका हाताने उचलून आपल्या सीटच्या मागे ओढून घ्यायचा. चार दारांच्या गाडीत हे जमलंच नसतं, मध्ये खांब येतो. आता कुणी मागचं दार उघडायला नको, कुणी सोबत नको. मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "नाही हो, हे घेताना मलाही कळलं नव्हतं." हे सांगताना सुद्धा खोटं मोठेपण घेतलं नाही बाईने.

चौसष्टाव्या वर्षी विलास पास झाला. जाताना गाडी वहिनींनी चालवली, येताना त्याने. मी मागे माझ्या गाडीत होतो. मुलुंडच्या गेटवर उतरल्यावर वहिनींचा चेहरा ओढलेला होता, औषधं सुरू झाली होती, पण डोळे लखलखत होते. म्हणाल्या, "भाऊजी, डाव्या बाजूने रस्ता केवढा दिसतो हो! मी आठ वर्षं नुसती खड्डे बघत होते." त्यानंतर दोघं आळीपाळीने चालवायची. हॉस्पिटलात भरती होण्याच्या चार दिवस आधी "आज मी" म्हणून त्यांनी विलासला मैदानावर नेलं, सराव पूर्ण होईपर्यंत बसल्या, आणि परत आणलं. ती त्यांची शेवटची फेरी.

त्या गेल्यानंतर गाडी तशीच उभी होती. गेल्या रविवारी विलासचा फोन आला. मुलींचा सामना बोरिवलीला, मी बरोबर येऊन शेजारी बसावं. मी पोचलो तेव्हा तो उजवं दार उघडून खुर्चीत नुसता बसून होता. आत बघितलं तर चालवायची सीट पार पुढे ओढलेली, स्टिअरिंगला चिकटल्यासारखी. वहिनींची उंची. त्या दिवसानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. मग त्याने वाकून खालची दांडी ओढली आणि सीट मागे ढकलली. कर्रर्र करत ती मागे गेली. तो सरकून आत बसला, खुर्ची आत घेतली, आणि आम्ही निघालो. घोडबंदरच्या चढावर त्याने एक ट्रक मागे टाकला आणि तोंडाने "हुप्" म्हणाला. मुली अकरा गुणांनी जिंकल्या. सगळ्या गाडीभोवती जमल्या, बॉनेटवर थापा मारल्या, तिला हार घातला. विलासने तो काढू दिला नाही, हारासकट मुलुंडपर्यंत आणली.

घरी आल्यावर त्याने गाडी जागेवर लावली. खुर्ची बाहेर काढली, उघडली, तिच्यात बसला. मी पलीकडून उतरून निघणार, तर तो परत गाडीत वाकला, दांडी ओढली आणि सीट हळूहळू पुढे सरकवत नेली, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "अशी ठेवली की मागून खुर्ची काढायला बरं पडतं रे."

खुर्ची तर आधीच बाहेर आली होती. तो तिच्यातच बसला होता. मी म्हटलं, "हो, बरोबर आहे."